झाडाच्या रिंगांवरून जुने उन्हाळे कसे शोधायचे : लॅपलँडच्या पाइनवर, पहिल्यापासून

खोडातल्या रिंगा मोजल्या की झाडाचं वय कळतं, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. त्यापुढचं मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणजे त्याच रिंगांवरून चारशे वर्षांपूर्वीचा जुलै थंड होता की गरम हे कसं काढतात आणि त्यावर भरवसा कितपत ठेवायचा. म्हणून सगळी पद्धत एकदा लिहून काढतोय. उदाहरण घेतलंय उत्तर स्वीडनमधल्या तोर्नेत्रेस्क तलावाच्या आसपासच्या आणि फिनलंडकडच्या लॅपलँडमधल्या स्कॉट्स पाइनचं, कारण थंड प्रदेशातलं हे काम तिथे अनेक दशकं चाललंय आणि बराचसा डेटा फुकट मिळतो. ज्यांना तिकडे जाणं शक्य नाही त्यांनीही जंगलातला भाग गाळू नका, कारण तयार डेटा वापरताना तो कसा गोळा झालाय हे माहीत नसलं की ग्राफ झकास येतो आणि अर्थ भलताच लागतो.

आधी, थंडच जागा का? झाडाच्या वाढीत पाणी, ऊन, माती, शेजारच्या झाडाची सावली, कीड, सगळ्यांचा हात असतो आणि साध्या जंगलातल्या झाडाच्या रिंगेत हे सगळं असं मिसळलेलं असतं की वेगळं काढता येत नाही. पण जंगल जिथे संपतं तिथे, म्हणजे ट्रीलाइनच्या जवळ, गणित सोपं होतं. तिथे पाणी असतं, उन्हाळ्यात उजेड तर काही आठवडे चोवीस तास असतो, कमी पडते ती फक्त उष्णता. तिथल्या पाइनचं खोड साधारण जूनमध्ये जाड व्हायला लागतं, ऑगस्टमध्ये थांबतं आणि बहुतेक वाढ जुलैतच उरकते. जुलै चांगला तापला तर रिंग रुंद, गारठला तर बारीक. म्हणजे झाडाला जी एक गोष्ट कमी पडते तेवढीच त्याला विचारायची, हा या सगळ्या कामाचा पाया आहे. हिवाळा किती कडक होता, पाऊस किती पडला, हे त्या झाडाला विचारू नका, ते सांगणार नाही आणि आकडेमोड करून तुम्ही जबरदस्तीने उत्तर काढलंत तर ते खोटं असेल.

आपल्याकडे उलटं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत सागाच्या रिंगांवर काम झालंय, अगदी ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या भागातल्या सागावरसुद्धा, आणि साग प्रामुख्याने पावसाबद्दल बोलतो, तापमानाबद्दल नाही. पद्धत तीच, प्रश्न वेगळा.

जागा आणि झाडं निवडणं

ट्रीलाइनच्या जवळची, पाण्याचा निचरा होणारी, पण अगदी उघड्या खडकावरची नसलेली जागा बघा. दलदलीतलं झाड नको, कारण तिथे पाण्याची पातळी वर-खाली झाली की रिंगा त्याप्रमाणे बदलतात. डोंगरी बर्च तिथे भरपूर आहे पण सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका, तिकडे ऑटम मॉथ नावाचा पतंग ठरावीक काळाने येतो आणि त्याच्या अळ्या अख्ख्या डोंगराचे बर्च ओरबाडतात, १९५५ च्या सुमाराला तोर्नेत्रेस्कच्या काठावरच्या आबिस्कोच्या आसपास हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं, मग त्या वर्षीची बारीक रिंग थंडीची की अळीची हे सांगणं अवघड. पाइनला हा त्रास जवळपास नाही.

झाड सरळ उभं असलेलं, वीज किंवा आगीची जखम नसलेलं, दाटीत न वाढलेलं हवं. निदान वीस झाडं तरी घ्या, प्रत्येकातून दोन कोअर, म्हणजे खोडात भोक पाडून काढलेल्या पेन्सिलीसारख्या बारीक लाकडी कांड्या. इथे एक मोह होतो, तो म्हणजे फक्त म्हातारी वाकडीतिकडी देखणी झाडं निवडायचा. करू नका. सगळ्या वयाची झाडं घ्या, कारण पुढे वयाचा परिणाम काढून टाकताना तरुण झाडांची गरज लागते आणि नुसती म्हातारी झाडं असली की शेवटच्या शंभर वर्षांचा कल फसवा येतो.

परवानगीचं आधीच बघा. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात फिरायची मुभा आहे, बेरी तोडायचीही आहे, पण त्या मुभेत उभ्या झाडाला भोक पाडणं येत नाही, त्यासाठी जमीन मालकाची परवानगी लागते आणि राखीव क्षेत्र असेल तर तिथल्या प्रांतिक प्रशासनाची. काही जुन्या पाइनवर एका बाजूने साल सोलल्याची लांबट जुनी खूण दिसते, तिथले मूळनिवासी सामी लोक आतली साल खाण्यासाठी काढायचे त्याची ती खूण असते. अशा झाडाला हात लावायचा नाही, तो त्यांचा वारसा आहे. आणि लाकूड भारतात आणायचा विचार असेल तर प्लँट क्वारंटाइनची कागदपत्रं निघायच्या आधी करा, विमानतळावर नाही.

भोक पाडायचं कसं

हत्यार म्हणजे इन्क्रिमेंट बोअरर. पोकळ पोलादी नळी, टोकाला आटे, मागे आडवं हँडल, आणि आत सरकवायची एक लांब पातळ पन्हळीसारखी पट्टी जिला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. स्वीडिश हाग्लोफ कंपनीचा ५.१५ मिलिमीटरचा कोअर देणारा बोअरर बहुतेक लॅबमध्ये दिसतो. आट्यांना मधमाशीचं मेण चोळून ठेवलं की घर्षण कमी होतं.

छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.३ मीटरवर, उताराच्या आडव्या दिशेने टोक लावा. उताराच्या खालच्या बाजूने कधीच नाही, कारण कलणारं झाड सावरायला पाइन खालच्या बाजूला लालसर, जाड पेशींचं कॉम्प्रेशन वूड तयार करतं आणि तिथल्या रिंगा हवामानाशी काही देणंघेणं नसल्यासारख्या रुंद असतात. टोक खोडाच्या मध्याकडे रोखायचं, दोन्ही हातांनी दाबून हळू फिरवायचं. पहिले काही आटे लाकडात बसेपर्यंत नळी डगमगली तर कोअरचं बाहेरचं टोक चुरडतं आणि नेमकी अलीकडची वर्षं, ज्यांची तुलना थर्मामीटरशी करायची असते, तीच जातात. एकदा पकड बसली की काम सोपं, नळी कुरकुरत आत जाते, राळेचा वास येतो, हँडल जड होत जातं. मध्य ओलांडून थोडं पुढे जा, मग एक्स्ट्रॅक्टर पूर्ण आत सरकवा, हँडल उलट दिशेने एक वळसा फिरवा, आत कुठेतरी कोअर तुटल्याचा बारीक झटका हाताला जाणवतो, आता पट्टी ओढा. बाहेर येतो तो ओला, पिवळसर, राळेने चिकट कोअर, बाहेरचा भाग फिका आणि आतला लालसर तपकिरी. तो बघत बसायचा मोह होतो पण आधी बोअरर बाहेर काढा, कारण झाडात सोडला की लाकूड त्याला आवळतं आणि मग दोन माणसं लागतात. भोकात काही भरू नका, पाइन स्वतःच राळेने ते बंद करतो. लाकूड गोठलेलं असताना हे काम करू नका, बोअरर मोडतो.

कोअर कागदी स्ट्रॉमध्ये सरकवायचा, प्लॅस्टिकच्या बंद स्ट्रॉमध्ये बुरशी धरते. स्ट्रॉवर जागेचा कोड, झाडाचा नंबर, कोअर ए की बी, आणि तारीख. तारीख का, तर जुलैच्या सुरुवातीला काढलेल्या कोअरमध्ये सालीलगतची रिंग अर्धवट असते, मे महिन्यात काढला तर शेवटची पूर्ण रिंग आदल्या वर्षाची असते. ही एक नोंद राहिली तर सगळी मोजणी एका वर्षाने सरकू शकते आणि नंतर लॅबमध्ये कोणालाच आठवत नसतं.

मध्य हुकला तरी घाबरू नका, सगळ्यात आतल्या रिंगांची कमान बघून पारदर्शक कागदावरच्या समकेंद्री वर्तुळांशी जुळवायची, म्हणजे मध्य किती रिंगा दूर असेल त्याचा अंदाज येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हो, १.३ मीटरवरचा मध्य म्हणजे झाडाचा जन्म नव्हे, इतक्या थंडीत रोपाला त्या उंचीपर्यंत यायलाच काही दशकं लागू शकतात.

घासणे

कोअर सुकू द्या, मग खाच असलेल्या लाकडी पट्टीत पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवा. दिशा महत्त्वाची : लाकडाचे तंतू उभे असले पाहिजेत म्हणजे वरून बघताना पेशींची तोंडं दिसतील. कोअर फिरवत उजेडात धरला की दोन बाजू चकचकतात आणि दोन मंद दिसतात, मंद बाजू वर ठेवायची. कोअर पिळला असेल तर वाफेवर धरून सरळ होतो.

मग पॉलिश पेपर, १२० पासून सुरू करून ४०० आणि ६०० पर्यंत. इथे आळस केला की पुढे रडायची वेळ येते, कारण ट्रीलाइनवरच्या म्हाताऱ्या पाइनच्या रिंगा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात आणि वाईट वर्षांत रिंग म्हणजे जेमतेम दोन-चार पेशींची ओळ. ती ओळ ओरखड्यात लपली तर गेली. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या भिंती वेगवेगळ्या दिसेपर्यंत घासा.

मोजणी म्हणजे तारीख नव्हे

आता खरा मुद्दा. सालीकडून आत मोजत गेलो की प्रत्येक रिंगेचं वर्ष कळलं, असं वाटतं. कळत नाही. फार थंड वर्षात झाड खोडाच्या काही भागावर रिंग तयारच करत नाही, म्हणजे तुमचा कोअर जिथून निघाला तिथे ते वर्षच नसतं. एक रिंग गायब झाली की तिच्या आतल्या सगळ्या रिंगांना तुम्ही एक वर्ष पुढचा आकडा देता आणि हे नुसत्या मोजणीने कधीच पकडता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे क्रॉसडेटिंग. अमेरिकेत ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनाच्या पाइनवर ही पद्धत बसवली, आणि १९३७ मध्ये तिथल्याच टूसॉन शहरात त्यासाठीच लॅब सुरू झाली. तत्त्व असं, की एका भागातल्या सगळ्या झाडांनी तेच उन्हाळे सोसलेत, त्यामुळे बारीक-रुंद रिंगांचा क्रम सगळ्यांत सारखा असला पाहिजे, आणि जिथे एका कोअरचा क्रम बाकीच्यांपासून एका वर्षाने सरकतो तिथे काहीतरी हरवलंय किंवा जास्त मोजलं गेलंय.

करायचं असं. पेन्सिलने हलके ठिपके द्या : दर दहाव्या वर्षाला एक, पन्नासाव्याला दोन, शंभराव्याला तीन. मग प्रत्येक कोअरमधल्या शेजाऱ्यांच्या मानाने ठळक बारीक रिंगांची यादी करा, फक्त त्यांचीच. सगळ्या याद्या शेजारी ठेवल्या की काही वर्षं परत परत येतात. उत्तर स्कँडिनेव्हियात १९०२ चा उन्हाळा इतका गार होता की उत्तर स्वीडनमध्ये पिकं बुडाली, त्यामुळे १९०२-०३ च्या आसपास बारीक रिंगांची जोडी बघायची सवय ठेवा. आणि सगळ्यात भारी खूण १६०१ ची. पेरूमधला हुआय्नापुतिना ज्वालामुखी फेब्रुवारी १६०० मध्ये फुटला, त्याची गंधकाची धूसर चादर वातावरणात वर पसरली आणि पुढच्या वर्षीचा, १६०१ चा, उन्हाळा उत्तर गोलार्धात गेल्या कित्येक शतकांतल्या सगळ्यात थंड उन्हाळ्यांपैकी एक ठरला. मायक्रोस्कोपखाली ही रिंग बघण्यासारखी असते. एरवी प्रत्येक रिंगेच्या बाहेरच्या कडेला गडद तपकिरी पट्टा असतो, उन्हाळ्याच्या शेवटी तयार झालेल्या जाड भिंतीच्या पेशींचा. १६०१ च्या रिंगेला तो पट्टा जवळपास नसतोच, जेमतेम एक फिकट रेघ, तीसुद्धा तुटक, कारण पेशी तयार झाल्या पण भिंती जाड करायला ऊबच मिळाली नाही. तुमच्या मोजणीत ही फिकट रिंग १६०२ वर आली तर समजायचं की १६०१ आणि साल यांच्यामध्ये एक रिंग गायब आहे, आणि ती कुठे हे याद्या जुळवून शोधायचं.

एक वर्षाची चूक एवढी मनाला का लावून घ्यायची? कारण शेवटी आपण सगळ्या झाडांची सरासरी काढणार. पाच-सहा झाडं एका वर्षाने सरकलेली असली तर १६०१ चा खोल खड्डा दोन वर्षांत वाटला जाऊन उथळ दिसतो आणि तुम्ही म्हणता, ज्वालामुखीचा फारसा परिणाम दिसला नाही.

रुंदी मोजायला लॅबमध्ये सरकतं टेबल आणि मायक्रोस्कोप असतं, पण चांगला स्कॅनर असेल तर कोअर स्कॅन करून कूरेकॉर्डर सारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर मोजता येतं आणि ते मला जास्त पटतं, कारण शंका आली की तीच रिंग परत उघडून बघता येते. मोजून झालं की कोफेचा नावाचा जुना प्रोग्राम चालवायचा, रिचर्ड होम्सने १९८३ मध्ये लिहिलेला. तो प्रत्येक कोअरचे पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे बाकीच्यांच्या सरासरीशी ताडतो. तुकड्याचा मेळ (कोरिलेशन) ०.३२८ च्या खाली गेला की ए खूण करतो, आणि तो तुकडा एखाद-दोन वर्षं सरकवल्यावर जास्त चांगला बसत असेल तर बी खूण. नवीन लोक इथे गंडतात, बी खूण दिसली की लगेच आकडा सरकवून मोकळे. तसं नाही. खूण म्हणजे फक्त परत लाकडाकडे जा असा इशारा, लाकडात कारण दिसल्याशिवाय एकही रिंग घालायची किंवा काढायची नाही.

म्हातारपण वजा करणं

झाड तरुण असताना रिंगा रुंद, म्हातारं झालं की बारीक, हवामान काहीही असो, कारण जाड खोडाभोवती तेवढंच लाकूड पातळ पसरतं. हे वजा करायला हवं. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक कोअरवर एक उतरती वक्ररेषा बसवायची आणि प्रत्येक रिंगेची रुंदी त्या रेषेने भागायची. छान दिसतं, पण यात एक मोठा तोटा आहे. झाड तीनशे वर्षांचं असेल आणि त्या तीनशे वर्षांत हवामान हळूहळू थंड होत गेलं असेल, तर तो उतारही तुमची रेषा म्हातारपण समजून पुसून टाकते. म्हणजे झाडाच्या आयुष्यापेक्षा लांब चढउतार अशा पद्धतीत टिकतच नाहीत. कोणी तुम्हाला हजार वर्षांचा सपाट ग्राफ दाखवून म्हणालं की हवामान कधी फारसं बदललंच नाही, तर पहिला प्रश्न हा विचारा की वय कसं वजा केलं.

दुसरी वाट म्हणजे आरसीएस. सगळ्या झाडांच्या रिंगा वर्षाप्रमाणे नाही तर झाडाच्या वयाप्रमाणे लावायच्या, पहिली रिंग पहिलीसोबत, शंभरावी शंभरावीसोबत, आणि त्यातून या भागातल्या पाइनची सर्वसाधारण वाढ कशी असते याची एकच रेषा काढायची. मग प्रत्येक झाड त्या एका रेषेशी ताडायचं. मघाशी लिहून ठेवलेला मध्यापासूनच्या अंतराचा आकडा इथे लागतो. याने लांब चढउतार टिकतात, पण वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या वयाची भरपूर झाडं लागतात, थोडक्यावर केलं तर बेभरवशाचं.

हे नुसतं पुस्तकी नाही. तोर्नेत्रेस्कच्या पाइनवर २००८ मध्ये एक सुधारित मालिका आली, जुन्या मोजण्यांत नवीन झाडांच्या घनतेच्या (लाकूड किती घट्ट आहे त्याच्या) मोजण्या मिसळून, आणि तिच्यात इ.स. १००० च्या आसपासचा काळ विसाव्या शतकाच्या अखेरीइतका किंवा त्याहून उबदार दिसला. नंतर २०१३ मध्ये, यात आधीच्या कामाचे लेखकही होते, तीच आकडेवारी परत तपासली तेव्हा लक्षात आलं की जुन्या आणि नव्या मोजण्यांची सरासरी पातळीच एकसारखी नव्हती आणि आरसीएसमध्ये तो फरक हवामानाचा असल्यासारखा शिरला होता. लाकूड तेच होतं, बदलली ती आकडेमोड. म्हणून मी कोणत्याही रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे रिंगांवरून काढलेल्या जुन्या तापमानाच्या मालिकेत, निष्कर्षाच्या आधी पद्धतीचं पान वाचतो.

किती झाडं पुरेशी हे बघायला ईपीएस नावाचा आकडा काढतात, ०.८५ च्या वर असेल तर सरासरी बऱ्यापैकी भरवशाची. हा काही देवाचा नियम नाही पण जिथे तो घसरतो तो काळ ग्राफवर फिका रंगवा.

रुंदी की घनता

रुंदीची एक खोड आहे. पाइनच्या सुया तिकडे अनेक वर्षं झाडावर राहतात, साठवलेलं अन्न पुढच्या वर्षी वापरलं जातं, त्यामुळे एक उन्हाळा वाईट गेला की पुढच्या वर्षीची रिंगही बारीक येते. म्हणजे रुंदी थोडी मागचं मागचं ओढत राहते. रिंगेच्या बाहेरच्या गडद पट्ट्याची कमाल घनता मोजली तर हा दोष खूप कमी होतो आणि तापमानाशी मेळही जास्त चांगला बसतो. ज्वालामुखीची वर्षं शोधायची तर घनताच. अलास्काच्या वायव्येला व्हाइट स्प्रूसच्या घनतेत १७८३ चा उन्हाळा भयंकर थंड दिसतो, त्या वर्षी आइसलँडचा लाकी ज्वालामुखी चालू होता.

अडचण अशी की त्यासाठी १.२ मिलिमीटर जाडीच्या फाका कापून एक्स-रे काढावा लागतो आणि ती सोय मोजक्या लॅबमध्येच असते. स्वस्तातला मार्ग आहे ब्लू इंटेन्सिटी, २००२ पासून वापरात आलेला. कोअर स्कॅनरवर स्कॅन करायचा आणि निळ्या रंगाचं परावर्तन मोजायचं, जाड भिंतींचं गडद लाकूड निळा प्रकाश कमी परत पाठवतं. पण आधी राळ काढा, कोअर अ‍ॅसिटोनमध्ये दोन-तीन दिवस भिजवून किंवा अल्कोहोलमध्ये उकळून, आणि स्कॅनर रंगाच्या कार्डाने कॅलिब्रेट करा. तरीही आतलं लालसर लाकूड आणि बाहेरचं फिकं लाकूड यांतला रंगाचा फरक आकड्यांत राहतोच, त्यामुळे वर्षावर्षाचा चढउतार बघायला हे उत्तम, शतकांचा कल सांगायला मी यावर एकट्यावर विसंबणार नाही.

थर्मामीटरशी गाठ

आता मालिका तयार झाली, पण ती अंशांत नाही. आबिस्कोच्या संशोधन केंद्रात १९१३ पासून तापमानाच्या नोंदी आहेत, आणि तोर्नेदालेनची, म्हणजे तोर्ने नदीच्या खोऱ्याची, जोडून तयार केलेली मासिक मालिका थेट १८०२ पर्यंत मागे जाते, इतक्या उत्तरेला हे नशीबच म्हणायचं. आधी प्रत्येक महिन्याच्या तापमानाशी मेळ काढा, आदल्या वर्षाचे महिनेही घ्या. रुंदीचा जोर जुलैवर आला पाहिजे, घनतेचा जरा जास्त पसरट, जून ते ऑगस्ट. ऑक्टोबरशी छान मेळ आला तर आनंद करू नका, काहीतरी बिनसलंय.

मग नोंदींचा काळ दोन भागांत तोडा. एका भागावर समीकरण बसवा, दुसऱ्या भागावर तपासा, नंतर अदलाबदल करा. तपासणीत आरई आणि सीई हे दोन आकडे शून्याच्या वर हवेत, म्हणजे तुमचं समीकरण निदान नुसती सरासरी सांगण्यापेक्षा बरं आहे. पूर्ण काळावर बसवून मेळ ०.८ आला म्हणून नाचणारे खूप बघितलेत, पण न बघितलेल्या वर्षांवर चाललं नाही तर त्या ०.८ ला काही अर्थ नाही. आणि लक्षात ठेवा की असं समीकरण टोकं दाबतं, म्हणजे थंड वर्षं खरी होती त्यापेक्षा कमी थंड दिसतात, गरमही तशीच.

काही उत्तरेकडच्या जागांवर साधारण १९६० नंतर तापमान चढत राहिलं आणि रिंगांनी त्याची साथ सोडली, याला डायव्हर्जन्स म्हणतात. कारणांवर एकमत नाही : गरमीत पाण्याचा ताण, बर्फ उशिरा वितळणं, सूर्यप्रकाश कमी पोचणं, की वय वजा करतानाची गडबड. सगळ्या जागांवर हे होत नाही. तुमच्या जागेवर होतंय का हे शेवटची पन्नास वर्षं वेगळी काढून बघा आणि होत असेल तर तसं सरळ लिहा.

तळ्यातलं लाकूड

जिवंत झाडं फार तर काही शतकं मागे नेतात. त्यामागे जायला तळी. काठावरचा मेलेला पाइन पाण्यात पडतो, गाळात रुततो, तिथे ऑक्सिजन नाही म्हणून कुजत नाही, आणि हजारो वर्षांनी डायव्हर्स त्याला वर काढतात तेव्हाही रिंगा शाबूत असतात. अशा ओंडक्यांची चकती कापून, आधी जिवंत झाडांशी, मग जुन्या ओंडक्यांशी जुळवत जुळवत तोर्नेत्रेस्क आणि फिनिश लॅपलँड दोन्हीकडे सात हजारांहून जास्त वर्षांच्या सलग मालिका उभ्या राहिल्यात. २०१२ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियाच्या घनतेवरून इ.स.पू. १३८ ते इ.स. २००६ अशी उन्हाळ्याच्या तापमानाची मालिका आली आणि त्यात पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलामुळे दर हजार वर्षांना सुमारे ०.३१ अंश गारवा वाढत गेल्याचं दिसलं.

ओंडक्याचा बाहेरचा भाग झिजलेला असतो, म्हणून शेवटची रिंग म्हणजे झाड मेलं ते वर्ष नव्हे. इतक्या मागची तारीख बरोबर आहे का याची पक्की परीक्षा म्हणजे इ.स. ७७४-७७५ ची कार्बन-१४ ची (हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनची) अचानक उसळी, संशोधक फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये जपानी देवदारात दाखवलेली. ती जगभरच्या लाकडात त्याच वर्षी असते, तुमच्या मालिकेत ७७६ ला आली तर कुठेतरी एक रिंग हरवली आहे. याहून निष्पक्ष परीक्षक नाही.

घरी बसून

अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि सागर संस्थेच्या वेबसाइटवर आंतरराष्ट्रीय ट्री-रिंग डेटा बँक आहे. तिथे तोर्नेत्रेस्क शोधा, आरडब्ल्यूएल फाइल (रिंगांच्या रुंदीची) उतरवा. फाइल उघडली की झाडाचा कोड, दशक आणि दहा-दहा आकडे दिसतील. मालिका ९९९ ने संपत असेल तर आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, उणे ९९९९ ने संपत असेल तर हजाराव्या भागात. हे न बघता दोन फाइली जोडल्या तर एका गावच्या झाडांची वाढ दुसऱ्यापेक्षा दहापट निघते. मग आर या संगणकाच्या भाषेतलं डीपीएलआर पॅकेज बसवा, फुकट आहे, त्यात फाइल वाचणं, कोफेचासारखी तपासणी, वय वजा करणं, ईपीएस आणि सरासरी सगळं आहे. तापमानाशी मेळ काढायला ट्रीक्लिम नावाचं वेगळं पॅकेज आहे.

पहिला सराव म्हणून तीच फाइल दोन पद्धतींनी चालवा, एकदा प्रत्येक झाडाला स्वतःची रेषा देऊन आणि एकदा आरसीएसने, आणि दोन्ही ग्राफ एकावर एक टाका. १६०१ दोन्हीकडे जागेवर असेल, शतकांचा कल मात्र वेगळा दिसेल. मग १८१६ बघा, इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटल्यानंतरचं ते उन्हाळा हरवलेलं प्रसिद्ध वर्ष. पश्चिम युरोप आणि ईशान्य अमेरिकेत ते भयानक थंड होतं म्हणून लॅपलँडच्या पाइनमध्येही तसाच खड्डा मिळेल असं गृहीत धरू नका, आणि नाही मिळाला म्हणून मालिका चुकली असंही समजू नका. एका जागेचं झाड त्या जागेचाच जुलै सांगतं. जग हवं असेल तर सायबेरियातल्या यामालचा लार्च, अलास्काचा स्प्रूस, क्वेबेकचा ब्लॅक स्प्रूस अशा फाइली शेजारी उघडाव्या लागतील, आणि त्या प्रत्येकीची तपासणी परत पहिल्यापासून.